चाचणी आवृत्तीतील दर्शनी बदल आणि तालुक्यातील वापरकर्ता : ‘लाँगहॉर्न’ ते ‘व्हिस्टा’ या प्रवासाची चिकित्सा

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासात पाठचिकित्सेला महत्त्वाचे स्थान आहे. हस्तलिखितातील खाडाखोड, एका आवृत्तीत असलेला आणि पुढील आवृत्तीत गाळलेला मजकूर, यांवरून कृती कशी घडत गेली आणि ती कोणत्या वाचकाला समोर ठेवून घडली, हे उलगडते. संगणकाच्या कार्यप्रणालीकडेही या दृष्टीने पाहता येते. कोणतीही कार्यप्रणाली बाजारात येण्यापूर्वी तिच्या अनेक चाचणी आवृत्त्या निघतात. त्यांत पडद्याची मांडणी बदलते, काही सुविधा येतात, काही गळतात, तर काही गळून पुन्हा येतात. अंतिम आवृत्ती हातात पडते तेव्हा हे सारे निर्णय होऊन गेलेले असतात. म्हणून कार्यप्रणालीची समीक्षा अंतिम आवृत्तीपुरती मर्यादित ठेवली, तर निर्णय कोणी घेतले आणि कोणासाठी घेतले हा मूळ प्रश्न बाजूला राहतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज व्हिस्टा’ ही प्रणाली अशा अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. ‘लाँगहॉर्न’ या सांकेतिक नावाने ती ऑक्टोबर २००३ मध्ये विकसकांसमोर सविस्तर मांडली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये पूर्ण झाली. मधल्या तीन वर्षांत तिचे स्वरूप जितक्या वेळा पालटले तितके क्वचितच एखाद्या प्रणालीचे पालटले असेल. या पालटांवर लेखन विपुल झाले. मात्र त्याचा निकष बहुधा महानगरातील, इंग्रजी जाणणारा आणि नव्या यंत्राचा मालक असलेला वापरकर्ता हाच होता. प्रस्तुत लेखात निकष बदलून ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील वापरकर्ता डोळ्यांसमोर ठेवला आहे.

हे दोन तालुके निवडण्यामागे कारण आहे. शहापूर मुंबई–आग्रा महामार्गावर वसले आहे आणि आसनगाव हे त्याचे जवळचे रेल्वे स्थानक. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हीच त्याची वाट. मुंबईची तहान भागवणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. म्हणजे अभ्यासक्रम महानगराचाच. वीज, दूरध्वनी जोडणी आणि यंत्रसामग्री यांबाबत मात्र महानगर व तालुका यांत मोठे अंतर राहिले. एकच अभ्यासक्रम व भिन्न परिस्थिती, या विसंगतीमुळे कार्यप्रणालीतील बदलांची खरी किंमत येथे स्पष्ट दिसते.

पाठभेदांचा क्रम

२००३ च्या मांडणीत लाँगहॉर्नचे तीन आधारस्तंभ सांगितले गेले : चित्रदर्शनासाठी ‘अ‍ॅव्हलॉन’, यंत्रायंत्रांतील संदेशवहनासाठी ‘इंडिगो’ आणि माहितीच्या साठवणुकीसाठी ‘विनएफएस’. यांतील विनएफएस ही संकल्पना सर्वांत महत्त्वाकांक्षी होती. फाईल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली हे वापरकर्त्याने लक्षात ठेवण्याऐवजी तिच्यातील आशयावरून व परस्परसंबंधांवरून ती सापडावी, असा तिचा हेतू होता. ऑगस्ट २००४ मध्ये विनएफएस वगळण्याचा निर्णय जाहीर झाला आणि विकासाचे काम ‘विंडोज सर्व्हर २००३’ च्या पायावर नव्याने सुरू करण्यात आले. जुलै २००५ मध्ये ‘व्हिस्टा’ हे नाव घोषित झाले व पहिली बीटा आवृत्ती निघाली. मे २००६ मध्ये दुसरी बीटा आली, सप्टेंबरमध्ये प्रकाशनपूर्व उमेदवार आवृत्ती आली आणि ३० जानेवारी २००७ रोजी प्रणाली सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस निघाली.

दर्शनी घटकांचा प्रवासही असाच वळणावळणाचा आहे. पडद्याच्या कडेला घड्याळ, बातम्या आदी दाखवणारी ‘साइडबार’ ही पट्टी आरंभीच्या आवृत्त्यांत होती; नव्याने काम सुरू झाल्यावर ती दिसेनाशी झाली; २००५ च्या उत्तरार्धात वेगळ्या स्वरूपात परत आली; अंतिम व्हिस्टात राहिली आणि विंडोज ७ मध्ये पट्टी म्हणून पुन्हा नाहीशी झाली. ‘एअरो’ हे काचेसारखे पारदर्शक रूप मात्र टिकून राहिले आणि चर्चेचा सर्वाधिक भाग त्यानेच व्यापला. जो बदल सर्वांत जास्त दिसतो तो सर्वांत महत्त्वाचा असतो, हा समज या चर्चेच्या मुळाशी होता. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

चाचणीचे वर्तुळ

चाचणी आवृत्ती सार्वजनिक केली म्हणजे ती सर्वांना उपलब्ध झाली, असे गृहीत धरले जाते. दुसरी बीटा जून २००६ मध्ये इच्छुकांसाठी खुली झाली. तिचा आकार तीन गिगाबाइटांहून अधिक होता. ५६ किलोबिट वेगाची डायल-अप जोडणी पूर्ण क्षमतेने अखंड चालली असे मानले, तरी तीन गिगाबाइट उतरवून घेण्यास सुमारे ११९ तास, म्हणजे जवळजवळ पाच अहोरात्र लागतात. २५६ किलोबिटच्या ब्रॉडबँडवरही हा काळ २६ तासांचा होतो. भारनियमनाच्या त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात सलग २६ तास वीज ही गोष्टच दुर्मीळ होती. चाचणी आवृत्तीची तबकडी मागवण्याची सोय होती. पण ती चालवायला यंत्र हवे. विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट स्मृती पुरत असे. व्हिस्टाला किमान ५१२ मेगाबाइट व काचेच्या रूपासाठी एक गिगाबाइट लागे. शिवाय चाचणी आवृत्ती नेहमीच्या कामाच्या यंत्रावर बसवू नये, ही सूचना असतेच. म्हणजे चाचणीकर्त्याकडे एक जादा, नवे यंत्र हवे.

तात्पर्य, चाचणीचे दार उघडे असले तरी उंबरठा उंच होता. चाचणीकर्त्यांच्या तक्रारी ऐकल्या गेल्या हे खरे. परंतु तक्रार करण्याची ऐपत ज्यांच्याकडे होती त्यांच्याच त्या तक्रारी होत्या. येथे कोणी हेतुपुरस्सर अन्याय केला, असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र ज्या वाचकाचा अभिप्राय कधीच पोहोचत नाही त्याच्यासाठी संहिता दुरुस्तही होत नाही, हा नियम कार्यप्रणालीलाही लागू पडतो.

पडद्यावरील चार बदल

व्हिस्टातील असंख्य बदलांपैकी चार बदल तालुक्यातील प्रयोगशाळेच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत.

पहिला बदल ‘स्टार्ट’ या शब्दाचा. विंडोज ९५ पासून पडद्याच्या कोपऱ्यात असलेले हे अक्षर जाऊन तेथे केवळ चिन्ह असलेली गोल कळ आली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाने संगणकशिक्षण तालुक्यांच्या गावी पोहोचवले. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ही अर्हता आवश्यक ठरल्याने शिक्षक, लिपिक, ग्रामसेवक असे सारे त्या वर्गांत बसले. अशा शिक्षणात कृतीचा पहिला पाठ ‘स्टार्टवर क्लिक करा’ हाच असे. शब्द गेला आणि वाक्य निराधार झाले. इंग्रजी न वाचणाऱ्याला चिन्ह अधिक सोपे, असा युक्तिवाद करता येईल आणि तो पूर्णतः चुकीचा नाही. पण चिन्हाचा अर्थही शिकावा लागतो, आणि शिकवणाऱ्याच्या टिपणात तो अद्याप आलेला नसतो.

दुसरा बदल मेनूपट्टीचा. फोल्डरच्या खिडकीवरील फाईल, एडिट, व्ह्यू ही ओळ झाकली गेली. ‘ऑल्ट’ ही कळ दाबल्यावरच ती दिसे. दर्शनी नीटनेटकेपणासाठी सुविधा लपवण्याची ही प्रवृत्ती पुढे वाढतच गेली. अनुभवी वापरकर्त्याला लपलेली गोष्ट कोठे असेल याचा अंदाज येतो. नवशिक्याला मात्र जे दिसत नाही ते नाहीच, असे वाटते.

तिसरा बदल बारीक पण अर्थपूर्ण आहे. ‘माय कॉम्प्युटर’ व ‘माय डॉक्युमेंट्स’ यांतील ‘माय’ गळून ‘कॉम्प्युटर’ व ‘डॉक्युमेंट्स’ एवढेच उरले. एकेका यंत्रापुढे दोन-तीन विद्यार्थी बसतात अशा प्रयोगशाळेत ‘माझा संगणक’ हे शीर्षक मुळातच विसंगत होते. व्हिस्टाने ते काढले, हा बदल सामाईक वापराशी नकळत सुसंगत ठरला.

चौथा बदल परवानगी विचारणाऱ्या चौकटीचा. यंत्रात महत्त्वाचा फेरफार होण्यापूर्वी पडदा मंद करून वापरकर्त्याची संमती घेण्याची ही सोय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होती. दुसऱ्या बीटात ती इतक्या वेळा उपटे की चाचणीकर्ते वैतागले. पुढील आवृत्तीत तिचे प्रमाण घटवले गेले आणि विंडोज ७ मध्ये ते कमी-अधिक करण्याची पट्टीच देण्यात आली. सारी चर्चा चौकट किती वेळा येते याभोवती फिरली. ती कोणत्या भाषेत येते, हा मुद्दा क्वचितच उपस्थित झाला. न समजणाऱ्या भाषेत मागितलेली संमती ही संमती नव्हे, ती सवय होय. प्रत्येक चौकटीवर डोळे झाकून होकार देणारा वापरकर्ता निष्काळजी ठरवला जातो. वास्तविक त्याला प्रश्नच विचारलेला नसतो.

याउलट एका बदलाचे श्रेय द्यायला हवे. व्हिस्टाच्या मेनूतील वीजचिन्हाची कळ यंत्र बंद न करता त्याला निद्रावस्थेत नेई. ते गोंधळात टाकणारे आहे अशी टीका झाली व ती रास्त होती. परंतु मेजावरच्या यंत्रांत ही निद्रा संमिश्र स्वरूपाची होती : चालू कामाची प्रत हार्ड डिस्कवरही लिहिली जाई. त्यामुळे निद्रावस्थेत असताना वीज गेली तरी काम नष्ट होत नसे. भारनियमनाच्या प्रदेशासाठी ही सुविधा मोलाची होती. पण समीक्षकांच्या शहरांत वीज जात नसल्याने तिच्या या गुणाकडे फारसे लक्ष गेले नाही.

दुर्लक्षित राहिलेला बदल

व्हिस्टातील सर्वांत दूरगामी बदल काचेच्या रूपात नसून लिपीच्या पाठबळात होता, असे मराठी वापरकर्त्याच्या बाजूने निश्चितपणे म्हणता येते. विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार होता आणि ‘मंगल’ हा फाँटही होता. परंतु एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी व लिहिण्यासाठी नियंत्रणपटलात जाऊन जटिल लिपींच्या फायली बसवण्याच्या पर्यायावर खूण करावी लागे, आणि त्या वेळी यंत्र मूळ तबकडी मागे. स्थानिक विक्रेत्याने जोडून दिलेल्या यंत्राबरोबर ती तबकडी असेलच असे नाही. तबकडी नसली की काना-मात्रा विस्कटत, जोडाक्षरे तुटत, आणि ‘संगणकावर मराठी येत नाही’ असा निष्कर्ष निघे. व्हिस्टात हे पाठबळ आरंभापासूनच कार्यरत होते. तबकडीची अट गेली. मराठी कळफलक निवडणे एवढेच उरले.

या बदलाअभावी काय होत होते, हे आठवणे आवश्यक आहे. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव, शिवाजी अशा फाँटांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र तो रोमन अक्षरांचा अर्थहीन समूह असे. महाविद्यालयात तयार केलेली प्रश्नपत्रिका छपाईच्या दुकानातील यंत्रावर उघडावी आणि तोच फाँट तेथे नसल्याने इंग्रजी अक्षरांची रांग दिसावी, हा प्रकार प्राध्यापकवर्गाला परिचित आहे. मराठीत लिहिलेले मराठी म्हणून साठवले जाणे ही भाषेच्या संगणकीय अस्तित्वाची पहिली अट आहे. व्हिस्टाने ती अट पुरी करण्यातील एक अडसर दूर केला.

तरीही हे पाठबळ अपूर्ण होते. एक अडचण कळफलकाची. प्रणालीसोबत येणारा ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक शास्त्रशुद्ध आहे. स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला अशी त्याची रचना. पण तालुक्याच्या गावातील टंकलेखन संस्थांत ज्यांची बोटे मराठी टंकयंत्रावर घडली त्यांच्यासाठी ती परकी होती. दुसरी अडचण अक्षररूपांची. ‘मंगल’ मधील ल आणि श यांची घडण हिंदी वळणाची आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल व शेंडीयुक्त श ही मराठी रूपे प्रमाण ठरवली. प्राथमिक शाळेत मूल जे अक्षर गिरवते ते पडद्यावर दिसत नाही, ही विसंगती त्यामुळे अधिकच ठळक झाली. तिसरी अडचण ‘बँक’ मधील अर्धचंद्राच्या कुळातील. ‘ॲ’ या स्वतंत्र अक्षराला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २००८ मध्ये, म्हणजे व्हिस्टा बाजारात आल्यानंतर. जुन्या फाँटांत त्या जागी रिकामा चौकोन दिसे.

शोधचौकट आणि अक्षराचे दोन संकेत

विनएफएस गळाले तरी आशयावरून शोधण्याची मूळ कल्पना व्हिस्टातील शोधचौकटीच्या रूपाने काही प्रमाणात उरली. मेनूच्या तळाशी शब्द टंकित करावा आणि फाईल सापडावी, ही सोय खरोखर उपकारक होती. मात्र तिने एक नवी विषमता निर्माण केली. इंग्रजी मजकूर आपोआप शोधयोग्य झाला. जुन्या फाँटांतील मराठी मजकूर शोधाच्या कक्षेबाहेरच राहिला. त्या वेळेपर्यंतची इतिवृत्ते, अहवाल, प्रश्नपत्रिका या सगळ्यांवर जणू पडदा पडला.

युनिकोडमधील मराठीलाही येथे एक पेच आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र मराठीचे वैशिष्ट्य होय. तो लिहिण्याचे दोन संकेत प्रचलित आहेत : नुक्तायुक्त ऱ व हलन्त असा एक, आणि साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असा दुसरा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. केवळ संकेतांची तुलना करणारा शोध मात्र त्यांना भिन्न शब्द समजतो. एका लिपिकाने एका पद्धतीने लिहिलेले गावकऱ्याचे नाव दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले तर ते सापडणार नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायती संगणकाशी जोडल्या गेल्या आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. नोंद सापडणे वा न सापडणे याला अशा व्यवहारात हक्काचे मोल असते. दर्शनी रूपाच्या चर्चेत ही बाब क्षुल्लक वाटेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती तशी नाही.

भाषांतर : केव्हा आणि कोणासाठी

मायक्रोसॉफ्टने मराठीसाठी भाषापट उपलब्ध करून दिले व तेही विनामूल्य, ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु त्यांत नेहमीच्या वापरातील भागांचेच भाषांतर असे आणि ते मूळ आवृत्ती प्रकाशित झाल्यानंतर हाती येई. म्हणजे चाचणीच्या काळात, जेव्हा शब्द व मांडणी बदलणे शक्य असते तेव्हा, मराठी रूप अस्तित्वातच नसे. मराठी वाक्य चौकटीत मावते का, ‘जतन करा’ हा शब्द विद्यार्थ्याला पटकन उमगतो की ‘सेव्ह करा’ हाच अधिक सुलभ, याची परीक्षा प्रत्यक्ष वापरकर्त्यावर व तीही निर्णय झाल्यावर होई.

मुक्त प्रणालींची रीत येथे तुलनेसाठी घ्यावी. ग्नोमसारख्या प्रकल्पांत प्रकाशनापूर्वी ठरावीक काळ आधी पडद्यावरील शब्द गोठवले जातात. त्यानंतर भाषांतरकारांना काम करण्यास अवधी मिळतो आणि मराठी आवृत्ती मूळ आवृत्तीबरोबरच निघते. पुण्यात रेड हॅटच्या कार्यालयातून आणि अनेक स्वयंसेवकांच्या श्रमातून या दिशेने भरीव काम झाले. दोष कळवण्याची नोंदवही कोणालाही खुली असते. अर्थात येथेही भाषांतराचे मराठी बहुधा नागर आणि संस्कृतप्रचुर राहिले. शहापूर व मुरबाड येथील वर्गांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांतील विद्यार्थीही बसतात. ज्यांच्या घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे त्यांना ‘संचयिका’ हा शब्द ‘फोल्डर’ इतकाच अनोळखी असतो. भाषांतर झाले म्हणजे प्रश्न सुटला, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

पुढील आवृत्त्यांतील प्रत्यय

व्हिस्टानंतरचा इतिहास हेच चित्र पुढे नेतो. फेब्रुवारी २०१२ मधील विंडोज ८ च्या चाचणी आवृत्तीत स्टार्टची कळच काढली गेली. विरोध होऊनही अंतिम आवृत्ती तशीच आली आणि २०१३ च्या ८.१ मध्ये कळ परतली. विंडोज ११ ने २०२१ मध्ये टास्कबारवर फाईल ओढून नेण्याची सोय काढली व पुढच्या वर्षी परत दिली. गाजलेल्या तक्रारींची अशी दखल घेतली जाते. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीत उच्चारानुसारी मराठी कळफलक आला, ही आणखी एक न गाजलेली पण मोलाची भर होय. दुसरीकडे विंडोज ११ ने सुरक्षेसाठी ‘टीपीएम २.०’ ची अट घातली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. ज्या प्रयोगशाळांतील यंत्रे सुस्थितीत असूनही या अटीत बसत नाहीत त्यांच्यापुढे नवी खरेदी, असुरक्षित वापर वा मुक्त प्रणाली असे मोजकेच पर्याय उरतात.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसून येते की चाचणी आवृत्तीतील बदलांचे मूल्यमापन केवळ नावीन्य व सौंदर्य यांवर करणे अपुरे आहे. व्हिस्टातील ज्या रूपावर सर्वाधिक लिहिले गेले ते पुढे बदलून गेले; तबकडीशिवाय देवनागरी, वीज गेल्यावरही टिकणारे काम, आशयावरून होणारा शोध, या शांतपणे आलेल्या गोष्टींनीच तालुक्यातील वापरकर्त्याचे जीवन बदलण्याची क्षमता दाखवली, आणि त्यांतील उणिवाही त्यालाच सोसाव्या लागल्या.

यात महाविद्यालयांची एक जबाबदारी संभवते. आज चाचणी आवृत्ती मिळवणे २००६ इतके दुष्कर राहिलेले नाही. संगणक विभागाने यंत्र द्यावे, मराठी विभागाने शब्द तपासावेत, आणि विद्यार्थ्यांनी अर्धा र, ॲ, मराठी ल व श, शोध, कळफलक यांची नोंद करून ती प्रकाशनापूर्वी संबंधितांना कळवावी, असा प्रकल्प पदवी स्तरावर सहज हाती घेता येईल. तालुक्यातून गेलेल्या अशा नोंदींनी प्रत्येक दोष दूर होईल असे नाही. परंतु पुढील प्रणालीच्या खाडाखोडीत शहापूर आणि मुरबाडचे हस्ताक्षरही असेल.